गाणं त्यांचं, पाणी त्यांचं, मंच मात्र आपला

थोडं लांबणार आहे, आधीच सांगते. आमच्या बायकांच्या गायनवृंदाशी ज्यांना काही देणंघेणं नाही, त्यांनीही वाचा. विषय शेवटी तुमच्या-माझ्या नळापर्यंत येतो.

गेले आठ दिवस वसईतल्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा चालू आहे. २२ मार्चच्या जलदिनाच्या कार्यक्रमाला आम्ही गाणार की नाही? कोणी म्हणतं, बायकांना मंच मिळाला की नखरे सुरू होतात. कोणी म्हणतं, कलेत राजकारण कशाला. एका दादांनी तर लिहिलंय की चार आदिवासी बायकांना स्टेज मिळत होतं तेही यांनी घालवलं. म्हणून जे आहे ते सरळ मांडते. हे माझं मत आहे, वृंदाचं नाही. वृंदाचं मत रविवारी ठरेल.

आम्ही चाळीसएक जणी आहोत. निम्म्या चर्चच्या गायनवृंदातल्या, काही भजनी मंडळातल्या, तीन-चार शिक्षिका, दोन नर्स, एकीचं पोळीभाजी केंद्र. कोणीच शास्त्रोक्त शिकलेली नाही. सुरुवातीला आम्ही आपापल्या घरातली पाण्याची गाणी गोळा केली. ईस्ट इंडियन लग्नातलं उंबराचं पाणी इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जायचं, घडे भरायचे आणि त्या पाण्याने नवरा-नवरीला न्हाऊ घालायचं. भजनी मंडळातल्या काकींकडे साती आसरांची गाणी निघाली. विहिरीच्या, डोहाच्या या सात बायका आपल्याकडे गावोगाव आहेत. (मावळ या नावाचा संबंधसुद्धा दामोदर कोसंबींनी अशाच पाण्याकाठच्या मावलाया देवींशी लावला होता. विषयांतर झालं, पण मला ते फार आवडतं.)

दुसऱ्या वर्षी विक्रमगड-डहाणू भागातल्या चार वारली बायका आमच्यात आल्या. आमची एक सदस्य तिकडच्या शाळेत वीसेक वर्षं शिकवत होती, तिच्या ओळखीने. महिन्यातून दोन रविवार त्या डहाणू लोकलने विरारला येतात. लोकलआधी पाड्यावरून चालत, मग वडापने स्टेशन. यायलाच अर्धा दिवस जातो. त्यांची गाणी लावणीची, पाणवठ्याची, पाऊस लांबला की नारनदेवाला आळवायची. आणि खरं सांगते, त्या आल्यावरच आमचं गाणं गाणं झालं.

पहिले तीन महिने मात्र मजाच होती. चर्चमधल्या आमच्या बायकांना वरचा-खालचा आवाज वाटून गायची सवय. बाईंनी लगेच लावणीच्या गाण्याला तीन आवाज बसवले. ऐकायला सुंदर, अगदी नाताळच्या मध्यरात्रीसारखं. चौघींतली मोठी बाय सगळं ऐकून घेऊन हसायला लागली. म्हणाली, असं गायलं तर रोप हातातच झोपेल. मग तिने उठून, कंबरेत वाकून, हात चालवत गाऊन दाखवलं. तेव्हा कळलं की ते गाणं श्वासावर नाही, वाकलेल्या पाठीवर बसवलेलं आहे. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि जिथे आपल्याला वाटतं आता संपलं तिथून ते पुन्हा सुरू. पेटीवर त्यांचे सूर सापडेनात. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी ते असतात. शेवटी पेटी बंद केली, ती बंदच आहे. गाणं किती वेळ चालतं, असं विचारलं तर उत्तर मिळालं, वाफा संपेपर्यंत.

त्यांनी सगळंच शिकवलं असंही नाही. वारल्यांच्या लग्नात धवलेरी असते. ती बाई लग्न लावते आणि ते गाऊन लावते. भटजीच म्हणा, पण बाई. आपण 'स्त्रियांना पौरोहित्याचा अधिकार' यावर परिसंवाद घेतो, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात हे पिढ्यानपिढ्या चालू आहे हे कोणाला आठवत नाही. तर धवलेरीची गाणी आम्हाला मिळणार नाहीत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ती मांडवातली, मंचावरची नव्हेत. आमच्यातल्या दोघी-तिघींना वाईट वाटलं, मला उलट बरं वाटलं. नाही म्हणणारं माणूस समोर आहे म्हणजे जे 'घ्या' म्हणतं ते खरोखर दिलेलं असतं.

आता कार्यक्रमाचं. आयोजकांचं नाव घेत नाही, इथे कोणाची बदनामी करायची नाही. त्यांचं म्हणणं असं: आठ मिनिटं मिळतील. सगळ्यांनी 'आदिवासी पेहराव' करावा, तो ते भाड्याने आणतील. गाण्यामागे ट्रॅक असेल. गाण्याआधी बोलायचं नाही, कारण निवेदक आहे. पत्रिकेत 'पारंपरिक लोकगीते' असं छापायचं, बायकांची नावं नकोत, जागा नाही. आणि चौघींना मानधन नाही, प्रवासखर्च आणि प्रमाणपत्र. ढोलताशा पथकाला पैसे आहेत, निवेदकाला आहेत, ड्रोनवाल्यालाही आहेत. आम्ही म्हटलं, वृंदाला काही देऊ नका, पण या चौघींना द्या, त्यांची नि त्यांच्या पाड्यांची नावं छापा, आणि आम्हाला दोन मिनिटं बोलू द्या. पहिल्या दोन गोष्टींवर 'बघू' आलं. बोलण्यावर स्पष्ट नाही. जलदिन आनंदाचा सोहळा आहे, तक्रारीचा मंच नाही, असं उत्तर.

पैशाचं आधी संपवते. 'प्रसिद्धी मिळेल की' हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांनी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचावं, वाचलं असेल तर पुन्हा वाचावं. १९४५ साली याच पट्ट्यातले वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. जमीनदाराने बोलावलं की फुकट राबायला जायचं, ही वेठ. गाण्याची असली म्हणून ती वेठ नाही असं होतं का? एक रविवार वसईला येणं म्हणजे त्यांची एक दिवसाची मजुरी बुडते. आम्ही वर्गणीतून ती देतो, ही काही मेहेरबानी नव्हे. आमच्याकडे पेटीवाल्या सरांनाही आम्ही देत होतोच.

नावाचं म्हणाल तर त्यालाही आपल्याच राज्यातला दाखला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तीन हजारांवर बायका. आणि त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. ज्या काळात कॅसेट, वही आणि एसटी एवढंच हाताशी होतं, त्या काळात हे काम सुरू झालं. आपल्याला चार नावं छापायला जागा नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिव्या सोमा मशेंना पद्मश्री मिळाली, त्यामुळे निदान चित्र कोणाचं हे सांगावं लागतं. गाण्याच्या बाबतीत सगळे खुशाल 'लोकगीत' म्हणून मोकळे होतात. लोकगीताला लेखक नाही हे कबूल, पण गाणारी तर समोर उभी आहे. स्वामित्वहक्काच्या कायद्यातसुद्धा सादर करणाऱ्याचा हक्क वेगळा धरलाय.

पण माझा खरा मुद्दा त्या दोन मिनिटांचा आहे.

आमचा कार्यक्रम ज्या क्रमाने लागतो त्याला कारण आहे. आधी उंबराचं पाणी, मग आसरा, मग वारली गाणी. म्हणजे आधी वसईची विहीर, शेवटी त्यांचा डोंगर. वसईत पाणी नव्हतं का? होतं, गोडं होतं. बावखलं होती. पावसाचं पाणी धरून ठेवायची, केळी-पानवेलींच्या बागा त्यावर जगायच्या, आजूबाजूच्या विहिरी त्याने भरलेल्या राहायच्या. बावखल म्हणजे काय हे आज विरारच्या टॉवरमधल्या मुलाला सांगावं लागतं. कारण बरीचशी बुजवली आणि त्यावर आपण राहतोय. विहिरींतून टँकर भरभरून पाणी गेलं, फादर दिब्रिटो आणि हरित वसईची माणसं त्याविरुद्ध रस्त्यावर आली, तो काळ पाहिलेले अनेक जण हे वाचत असतील. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती, आता किती याचा अंदाज स्टेशनवर उभं राहिलं की येतो. एवढ्यांना पाणी कुठून येतं?

सूर्येतून. वैतरणेची ही उपनदी. धामणीचं धरण, खाली कवडासचा बंधारा. ते धरण मुळात शेतीसाठी बांधलं होतं. डहाणू, विक्रमगड, पालघर या तालुक्यांतली १४ हजारांहून अधिक हेक्टर जमीन भिजवायची योजना होती आणि त्यासाठी तिथल्या आदिवासींची गावं उठवली. मग एकेक करून पाणी शहरांकडे वळलं. अगदी अलीकडची ४०३ दशलक्ष लिटरची प्रादेशिक योजना घ्या. त्यातलं १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. त्यासाठी मेंढवण खिंडीच्या आणि तुंगारेश्वरच्या डोंगरांतून बोगदे खणले. २०२३ च्या अखेरीस ते पाणी आपल्याकडे आलं तेव्हा श्रेय घ्यायला केवढी झुंबड होती, आठवतं ना? बॅनरवर सगळे होते. ज्यांच्या अंगणातून पाणी आलं त्यांच्यापैकी एकाचाही फोटो मी पाहिला नाही.

मी पाणी घेऊ नये म्हणत नाही. मीही तेच पिते. शहराला पाणी लागतं, आणि सात-सात दिवस टँकरची वाट बघणाऱ्या नालासोपाऱ्यातल्या बाईला 'हे पाणी घेऊ नकोस' असं सांगणारी मी कोण? पण आमच्या चौघींपैकी दोघींच्या पाड्यावर मार्च उजाडला की ओहोळाच्या वाळूत झिरा खणावा लागतो. वाटीवाटीने हंडा भरायचा. नळ आहे, तोटी आहे, उद्घाटनाचा दगड आहे. पाणी पहिल्या उन्हाळ्यातच गेलं. आणि हा पाऊस न पडणारा मुलूख नाही. जव्हारच्या डोंगरपट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तो सगळा उतरून जातो आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडे येतात.

आता सांगा, या चौघींना भाड्याचा पेहराव घालून, मागे ट्रॅक लावून, त्यांच्याच नदीचं पाणी पिणाऱ्या लोकांसमोर पाण्याचं गाणं गायला उभं करायचं आणि हे पाणी कुठून आलं तेवढं मात्र बोलायचं नाही. निवेदक काय म्हणेल ते मला पाठ आहे. 'निसर्गपूजक आदिवासी बांधवांची समृद्ध परंपरा.' टाळ्या. पुढचा कार्यक्रम.

आम्हाला त्या दोन मिनिटांत भाषण ठोकायचं नाही. कोणाचं नाव घ्यायचं नाही, घोषणा नाहीत. मोठ्या बायने काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. ती आपल्या पाड्याचं नाव सांगणार, नदीचं नाव सांगणार, ही नदी तुमच्याकडे येते एवढं सांगणार आणि गाणं सुरू करणार. घड्याळ लावून बघितलं, पाऊण मिनिटही होत नाही. यात तक्रार कुठे आहे? पत्ता सांगणं ही तक्रार असेल तर मग पत्त्यातच काहीतरी गडबड आहे.

आमच्या एकीची लेक कॅनडात असते. तिने तिकडच्या बायकांच्या वृंदांचे व्हिडिओ पाठवले. तिथल्या महासरोवरांकाठचे मूळ रहिवासी, अनिशिनाबे, यांच्यात पाण्याची राखण बायकांकडे असते. जोसेफिन मंडामिन नावाच्या त्यांच्या आजीने २००३ साली तांब्याच्या बादलीत पाणी घेऊन लेक सुपीरियरला पायी फेरी घातली, पुढे बाकीच्या महासरोवरांनाही. २०१९ मध्ये त्या गेल्या. तिकडच्या गोऱ्या बायकाही पाण्याची गाणी शिकून गातात. पण गाणं कोणाकडून मिळालं हे आधी सांगायचं आणि मग गायचं, अशी शिस्त पाळणारे वृंद त्या व्हिडिओंत दिसतात. तिकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. कित्येक मूळ रहिवासी वस्त्यांना वर्षानुवर्षं पाणी उकळून प्यावं लागलं, तेही गोड्या पाण्याच्या एवढ्या साठ्याशेजारी. गाणं आणि पाणी या दोन गोष्टी तिथेही सुट्या करता येत नाहीत, एवढंच माझ्या लक्षात आलं.

एका वारली तरुणाने मला मेसेज केला होता, तोही मांडते, कारण मला सगळ्यात जास्त तोच टोचला. त्याचं म्हणणं, तुम्ही वसईकर बायकांनी आमची गाणी गाऊच नयेत. चित्रं साड्यांवर, मगांवर आणि मेट्रोच्या भिंतींवर गेली, आता गाणी चालली. मुलगा शिकलेला आहे, चिडलेला आहे, आणि त्याच्या चिडीला कारण आहे. त्याला मी एवढंच लिहिलं की हा निर्णय माझाही नाही आणि तुझाही नाही, त्या चौघींचा आहे. त्या गातायत, आम्ही मागून उचलतोय. ज्या दिवशी त्या यायच्या बंद होतील त्या दिवशी ती गाणी आमच्या यादीतून जातील. हे आम्ही वृंदाच्या वहीत लिहूनच ठेवलंय. त्याचं समाधान झालं असं वाटत नाही. पण तालमीला येईन म्हणालाय.

आणि 'कलेत राजकारण नको' म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. पाऊस लांबला तर नारनदेवाला आळवणाऱ्या गाण्यात पाणी मागितलेलंच आहे. मागणं हाच त्याचा विषय आहे. देवाकडे मागितलं तर संस्कृती आणि माणसांकडे मागितलं तर राजकारण, असं कसं? गावोगाव धोंडी निघायची तेव्हा दारोदार पाणी मागत फिरायचे आणि घरातली बाई तांब्याभर पाणी ओतायची. गाणाऱ्याच्या अंगावर पाणी पडायचं. नुसत्या टाळ्या वाजवून कोणी दार लावून घेत नव्हतं.

तर माझं मत: दोन मिनिटं, चार नावं आणि चौघींचं मानधन, या तिन्हींवर लेखी होकार आला तर जायचं, पेहराव आपापला, ट्रॅक नाही. नाही आला तर जायचं नाही. त्याच संध्याकाळी एखाद्या उरलेल्या बावखलाकाठी सतरंज्या टाकून गाऊ. माइक नसला तरी चालेल, त्या बायकांचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जातो. वृंदातल्या काहींना हे टोकाचं वाटतं, मोठा मंच हातचा जाईल म्हणतात. त्यांचंही चुकीचं नाही. आपल्या बायकांना मंच मिळतात कुठे? पण मग तो 'आपल्या' बायकांचा मंच होईल. चौघी त्यावर शोभेपुरत्या असतील, आणि मला त्या ओळीत उभं राहायचं नाही. बहुमत विरुद्ध गेलं तर मी त्या दिवशी प्रेक्षकांतही नसेन. वृंद सोडणार नाही, ते वेगळं.

कोणाकडे बावखलाकाठची जागा असेल, मालकाची परवानगी मिळत असेल तर कॉमेंटमध्ये न लिहिता मला मेसेज करा. बैठक रविवारी दुपारी तीनला ठेवलीय, नेहमीच्या पाचला नाही. म्हणजे चौघींना मत देऊन परतीची डहाणू लोकल उजेडात मिळेल.